चेहऱ्यावरून ओळख आणि युद्धाचे नियम

अंगणवाडीत पोषण आहार घ्यायला गेलं की आता मोबाईलसमोर चेहरा धरावा लागतो. समोरचा चेहरा आणि नोंदणीचा फोटो एकाच बाईचा आहे का, एवढंच तो मोबाईल पाहतो. तरी कधी उजेड कमी पडतो, कधी चेहरा जुळतच नाही. मग हेच तंत्र लढाईत वापरलं तर?

ते वापरलं गेलं आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्चपासून युक्रेनने क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीचं तंत्र वापरायला घेतलं. या कंपनीने इंटरनेटवरचे अब्जावधी फोटो, ज्यांचे आहेत त्यांना न विचारता, गोळा केले आहेत. मेलेल्या रशियन सैनिकाचा फोटो त्या साठ्याशी ताडून पाहायचा, त्याचं नाव काढायचं आणि घरच्यांना कळवायचं. काही घरी तर थेट मृतदेहाचे फोटो गेले.

कायदा काय म्हणतो? १९४९ चे जिनिव्हा करार जगातल्या सगळ्या देशांनी मानले आहेत, भारतानेही. त्यांत चेहरा ओळखणाऱ्या यंत्राचा उल्लेख नाही, पण नियम यंत्रालाही लागू पडतात. शत्रूचा सैनिक मेला तरी त्याची ओळख पटवून नोंद ठेवायची, त्याला मानाने मूठमाती द्यायची आणि माहिती ठरलेल्या कार्यालयामार्फत त्याच्या देशाला कळवायची. या कामात रेड क्रॉस मदत करते. युद्धकैद्याचा तमाशा होऊ द्यायचा नाही, असंही करारात आहे.

१९७७ च्या पूरक करारात आणखी दोन गोष्टी आहेत. आपल्या माणसाचं काय झालं, हे जाणून घेण्याचा हक्क कुटुंबाला आहे. आणि समोरचा माणूस सैनिक की साधा नागरिक अशी शंका असेल, तर त्याला नागरिकच धरायचं. रशिया आणि युक्रेन दोघंही या करारात आहेत.

खरी अडचण या शंकेचीच आहे. यंत्र खात्री देत नाही, ‘हा चेहरा त्याच्यासारखा दिसतो’ एवढंच सांगतं. जखमी, सुजलेला चेहरा ओळखणं तर आणखी कठीण. चूक झाली तर जिवंत मुलाच्या आईला तो गेल्याची खबर जाईल. नाक्यावर तपासणीत चूक झाली, तर निरपराध माणूस गोळी खाईल. तेव्हा ‘यंत्राने सांगितलं’ ही सबब चालत नाही. हुकूम देणारा माणूसच जबाबदार असतो.

आपल्याही कितीतरी घरांतली मुलं सैन्यात आहेत. मुलाची खबर आईला मिळायलाच हवी. पण ती कुणी द्यावी, किती खात्री करून द्यावी आणि कशी द्यावी? येत्या बैठकीत यावर जरूर बोला.