दूरस्थ संगणक वापर व घरचे मुद्रण

एका ठिकाणचा संगणक संदेशवहन जाळ्याच्या द्वारे दुसऱ्या ठिकाणाहून चालविणे, यास दूरस्थ संगणक वापर म्हणतात. कार्यालयातील संगणक घरून चालवून त्यातील मजकूर घरच्या मुद्रकावर (प्रिंटरवर) छापणे, हा त्याचा एक प्रकार होय. कोव्हिड-१९ च्या साथीमुळे भारतात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर तो अनेक घरांत परिचित झाला.

इतिहास : ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर येथे डार्टमथ कॉलेजात भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एक प्रयोग करून दाखविला. संमिश्र संख्यांची गणिते करणारे त्यांचे यंत्र न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेत होते. हॅनोव्हरला ठेवलेल्या दूरमुद्रकावर गणित टंकलिखित केले, की तारेने ते यंत्राकडे जाई आणि उत्तर त्याच दूरमुद्रकावर छापून येई. हा दूरस्थ वापराचा आद्य प्रयोग मानला जातो. तो दूरस्थ मुद्रणाचाही होता, याकडे मात्र सहसा लक्ष वेधले जात नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हाही वापरणाऱ्यापुढे बहुधा दूरमुद्रकच असे. त्याची जागा पडद्याने घेतल्यावर उत्तर वाचणे आणि ते कागदावर मिळविणे या दोन वेगळ्या क्रिया झाल्या. घरून काम करणाऱ्याची आजची अडचण या फारकतीतूनच उद्भवते.

कार्यपद्धती : घरच्या कळफलकावरील व माउसवरील हालचाली संकेतरूपाने कार्यालयातील संगणकाकडे जातात आणि त्याच्या पडद्याचे चित्र उलट दिशेने येते. बहुतेक पद्धतींत चित्राचा बदललेला भागच पाठविला जात असल्यामुळे साध्या जोडणीवरही काम होऊ शकते. विंडोज प्रणालीत ही सोय १९९८ मध्ये एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीने आली.

घरी दिसते ते केवळ चित्र. दस्तऐवज कार्यालयातच असतो. त्यामुळे मुद्रणाची आज्ञा दिल्यास कागद कार्यालयातील मुद्रकातून निघू शकतो आणि तेथे तो उचलण्यास कोणी नसते. हे टाळण्यासाठी मुद्रकाचे पुनर्निर्देशन करतात. जोडणी होताना घरचा संगणक आपल्या मुद्रकाचे नाव कळवितो व त्या नावाचा एक तात्पुरता मुद्रक कार्यालयातील संगणकावर दिसू लागतो. त्याच्याकडे पाठविलेली पाने जोडणीच्या मार्गानेच घरी येतात आणि घरच्या मुद्रकावर छापली जातात. पूर्वी यासाठी त्या मुद्रकाची चालक आज्ञावली (ड्रायव्हर) दोन्हीकडे असावी लागे; घरगुती स्वस्त मुद्रकांची ती कार्यालयात क्वचितच असे. विंडोज सर्व्हर २००८ पासून पानाचे सर्वसामान्य वर्णन घरी पाठवून चालक आज्ञावली तेथेच वापरण्याची पद्धत आली व ही अडचण बरीच कमी झाली. मात्र चित्रांनी भरलेले पान पडद्यावरील बदलांपेक्षा पुष्कळ जड असते. पडद्यावरील काम सुरळीत चालत असूनही छपाई रेंगाळते ती यामुळे.

मराठी मजकुराच्या दृष्टीने या पद्धतीचा एक लाभ आहे. युनिकोडपूर्व देवनागरी टंकांत लिहिलेली फाइल घरी नेली आणि तो टंक तेथे नसला, तर रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसते. पुनर्निर्देशनात पान कार्यालयातच मांडले जात असल्याने टंक तेथे असला म्हणजे पुरे.

सुरक्षितता : कार्यालयातील संगणक इंटरनेटवर थेट उघडा ठेवणे धोक्याचे असते, म्हणून कूटबद्ध आभासी खाजगी जाळ्यातून प्रवेश देतात व परवलीच्या शब्दाबरोबर दुसरी ओळखही मागतात. मुद्रणव्यवस्था त्या मानाने दुर्लक्षित राहिली. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या मुद्रणरांग सांभाळणाऱ्या सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचा दोष उघड झाला व त्यावर तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. पण कूटबद्धतेचे संरक्षण कागदाला नसते. काही कार्यालये पुनर्निर्देशन मुद्दाम बंद ठेवतात, ते यामुळेच. घरचा मुद्रक बंद असताना पाठविलेली पाने साधारणपणे घरच्या संगणकाच्या रांगेत थांबून राहतात आणि नंतर कोणी मुद्रक सुरू केला, अगदी मुलांच्या शाळेच्या कामासाठी जरी केला, तरी ती आधी बाहेर पडतात. म्हणून गोपनीय कागद छापताना मुद्रक सुरू असल्याची खात्री करावी आणि काम संपल्यावर रांग रिकामी झाल्याचे पाहूनच जोडणी तोडावी.