येझदीचं १२ व्होल्ट किट: दर सांगण्याआधी मीटर लावा

म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ ला बंद पडला, पण गाड्या अजून गॅरेजला येतातच. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, लाईट मिणमिणते, किक मारून पाय दुखतो. ते १२ व्होल्टचं सीडीआय किट टाका ना." आणि आपण किटची किंमत अधिक मजुरी, असा आकडा लगेच सांगून टाकतो.

मीही सांगितला होता. पहिल्याच कामात बॅटरी, हॉर्न, फ्लॅशर, सगळे बल्ब माझ्या खिशातून गेले, कारण ६ व्होल्टचं यातलं काहीच १२ वर टिकत नाही. बरं, एवढं करून गाडी आठ दिवसांत ढकलत परत आली! किट ठणठणीत होतं. चेसिसवरची अर्थिंग गंजली होती, आणि ती मी बघितलीच नव्हती.

आता आधी मीटर लावतो. ३५ वॉटचा हेडलाईट ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर ओढतो, १२ वर त्याच्या निम्मे. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीत खराब जोड जास्त नडतो: तिथे एक व्होल्ट गळला, तर सहावा हिस्सा गेला. कधी कधी अर्थिंग घासली, पॉइंटला पॉलिश पेपर मारून गॅप लावला, कंडेन्सर बदलला, की दुसऱ्या किकला गाडी चालू. अशा गाडीला किट विकू नका. बिल छोटं होईल, होऊ द्या.

किट ठरलंच, तर कोटेशन लेखी द्या. वायरिंग आणि बॅटरीची ओळ वेगळी. आणि काढलेला जुना डायनॅमो पिशवीत घालून गिऱ्हाईकाला परत करा, भंगारात टाकू नका. शौकीन माणूस तो मागायला येतोच.