टायर तेच, चाकं नवी
धाराशिव जिल्ह्यात नवी गाडी घेतली की तिची पहिली मोठी फेरी बहुधा तुळजापूरला होते. देवीच्या दर्शनाला आलेल्या, हार घातलेल्या एमएच 25 पासिंगच्या एसयूव्हींमध्ये खालच्या मॉडेलच्या गाड्याही असतात. सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनचे पैसे वाचवलेले असतात, चाकं साध्या लोखंडी डिस्कची. काही महिन्यांनी मालकाच्या मनात मॅगव्हील, म्हणजे अलॉयचं चाक, येतं. टायर अजून नवेच, म्हणून तेच ठेवायचे आणि फक्त चाकं बदलायची.

बेत चांगला आहे, पैसेही वाचतात. मात्र सोलापूर किंवा लातूरच्या दुकानात शिरल्यावर नजर आधी डिझाइनवर जाते आणि ‘सोळाचं आहे ना, मग बसेल’ एवढ्यावर व्यवहार ठरतो. टायर चाकावर बसला म्हणजे ते चाक गाडीवर बसेलच, असं नाही.

टायरवरचा आकडा आधी वाचावा. मारुती ब्रेझाला 215/60 आर16 टायर येतो. 215 ही मिलिमीटरमधली रुंदी, 60 म्हणजे रुंदीच्या 60 टक्के उंची आणि 16 म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. या व्यासात तडजोड नाही. रिमच्या रुंदीत मात्र थोडी मोकळीक असते. या मापाच्या टायरला 6 ते 7.5 इंच रुंदीची रिम चालते. त्याहून रुंद रिमवर टायरची बाजू ताणली जाते आणि खड्ड्यात रिमच्या कडेला थेट मार बसतो.

वरच्या मॉडेलची कंपनीचीच चाकं घ्यावीत, हा सल्ला सर्रास मिळतो. तो नेहमी बरोबर नसतो. स्कॉर्पिओ क्लासिकच्या लोखंडी चाकांच्या आणि अलॉयच्या, दोन्ही मॉडेलना 235/65 आर17 टायर येतो, त्यामुळे तिथे काम सोपं. स्कॉर्पिओ-एनच्या खालच्या मॉडेलना 245/65 आर17 आहे, तर वरच्यांना 255/60 आर18. ह्युंदाई क्रेटाचंही तसंच, खाली 205/65 आर16 आणि वर 215/60 आर17. वरच्या मॉडेलची चाकं आणली की चार टायरही घ्यावे लागणार, मग बचत कुठली?

खरी गफलत होते ती हबवर, म्हणजे चाक गाडीला जिथे जोडलं जातं तिथे. ब्रेझा आणि क्रेटा दोन्हींना पाच नट आणि त्या पाच छिद्रांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, 114.3 मिलिमीटर. म्हणून क्रेटाच्या मापाचं चाक ब्रेझावर चढतं. पण चाकाच्या मधलं भोक क्रेटाला 67.1 मिलिमीटर लागतं, ब्रेझाला 60.1. सात मिलिमीटरच्या या फरकामुळे चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि येडशीच्या पुढे चौपदरी रस्त्यावर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरू लागतं. त्यासाठी नेमक्या मापाची हब रिंग घालावी लागते. उलट, ब्रेझाच्या मापाचं चाक क्रेटावर चढतच नाही. भोक वाढवून देतो म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं. नटांचे आटेही वेगळे आहेत. सुझुकीला 1.25 पिचचे नट लागतात, ह्युंदाईला 1.5 चे. चुकीचा नट जोर लावून फिरवला की आटे मरतात.

ऑफसेट हा आकडा ग्राहक क्वचितच विचारतो. चाकाच्या आत तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. चाक हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती दूर आहे, हे त्यावरून कळतं. ऑफसेट दहाने कमी झाला की चाक दहा मिलिमीटर बाहेर येतं. शिवाय ऑफसेट तोच ठेवून साडेसहाऐवजी साडेसात इंची रिम घेतली, तर दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर वाढतात. गाडी रुबाबदार दिसते खरी, पण बेअरिंगवर ताण येतो आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासू शकतो. गावाकडे गाडी भरूनच चालते, हे दुकानात उभं असताना विसरायला नको.

म्हणूनच चाक किती वजन पेलतं, तेही पाहावं. टायरवर 95 हा लोड इंडेक्स असेल, तर तो टायर 690 किलो पेलतो. चाकाची क्षमता त्याहून कमी नसावी. आयएसआय चिन्ह नसलेलं स्वस्त चाक घेऊ नये. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून बरीचशी सरळ होते. ओतीव अलॉय तडकतं. वेल्डिंग केलेल्या अलॉयवर कुटुंबाला बसवणं धोक्याचं आहे.

टायर चढवण्याआधी एक मोकळं चाक पुढे आणि एक मागे लावून पाहावं. पुढचं हाताने फिरवून ते ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना, हे तपासावं. मग टायर चढवून, बॅलन्सिंग करून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावं. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच आवळून घ्यावेत आणि सोलापूरहून धाराशिवला परतल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. स्टेपनी लोखंडीच राहणार असेल, तर तिचे जुने नट डिकीत ठेवावेत, कारण अलॉयचे नट तिच्यावर नीट बसतीलच असं नाही.