कुत्र्याच्या फुप्फुसातील गाठ : निदान कसे समजून घ्यावे?

क्रांती चौकातील आमच्या घरी मोती अकरा वर्षांपासून आहे. गेल्या उन्हाळ्यात तो कोरडे खोकू लागला. घशात काही अडकले असेल या समजुतीने आम्ही महिना घालवला. मग एक्स-रेत रुपयाएवढा पांढरा डाग दिसला आणि 'ट्यूमर' हा शब्द ऐकून घरात त्या रात्री कोणी जेवले नाही. त्यानंतर जे विचारून-वाचून कळले, ते सभासद व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

ट्यूमर म्हणजे गाठ. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. परंतु कुत्र्याच्या फुप्फुसातच उगम पावलेली गाठ बहुधा कर्करोगाचीच निघते. अशी गाठ मात्र विरळा. पुष्कळदा स्तनाच्या, हाडाच्या किंवा तोंडातील गाठीच्या पेशी रक्तावाटे तेथे पोचलेल्या असतात. म्हणून डाग एक आहे की अनेक, हा पहिला प्रश्न. अनेक गोल डाग असतील तर मूळ बहुधा दुसरीकडे असते.

एका फिल्मवर भागत नाही. जनावर ज्या कुशीवर निजवतात त्या बाजूचे फुप्फुस दबते व त्यातील गाठ लपू शकते. म्हणून दोन्ही कुशींवर आणि एक उताणे किंवा पालथे निजवून, अशा तीन फिल्म काढतात. अगदी बारीक गाठी तरीही सुटतात. त्या सीटी स्कॅनमध्ये दिसतात. शिवाय डाग म्हणजे निदान नव्हे. गळू किंवा बुरशीचा रोगही तसाच दिसतो. सुईने पेशी काढून किंवा तुकडा तपासूनच नाव कळते. काही कुत्र्यांना खोकलाही नसतो. कधी पाय सुजून लंगडणे हीच पहिली खूण असते, आणि आपण पायालाच तेल चोळत बसतो!

गाठ एकच असेल व जवळच्या लसिका ग्रंथी स्वच्छ असतील तर गाठीसह फुप्फुसाचा तो खंड काढतात. अशा कुत्र्यांना वर्षभर किंवा अधिक आयुष्य मिळू शकते. ग्रंथींत रोग उतरला असेल तर काळ बराच कमी. चौकशीसाठी आपल्याला जवळचे म्हणजे परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. घरातली आयबुप्रोफेनची गोळी मात्र मनाने देऊ नये, ती कुत्र्याला घातक ठरते.

मोतीच्या ग्रंथींत रोग निघाला. दहावीतला मुलगा ऑपरेशनचा हट्ट धरून होता. त्याला मी तिन्ही फिल्म खिडकीसमोर धरून दाखवल्या. तो बराच वेळ पाहत राहिला. आता रात्रीचे औषध तोच देतो.