कपाळाला हात

कपाळाला हात लावायची वेळ संसारी माणसावर दिवसातून चार-दोनदा तरी येतेच. दूध उतू गेले, मुलीला गणिताच्या पेपरात नऊ गुण पडले, सकाळची डोंबिवली फास्ट डोळ्यांदेखत सुटली, की हात आपोआप वर जातो. पण तोच हात मुद्दाम, डोळे मिटून, पाच मिनिटे कपाळावर ठेवून बसावे आणि त्याला उपचार म्हणावे, असे मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर मी हसले असते. खरे सांगायचे तर हसलेच होते.

सांगणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनी. दिवस परीक्षेचे होते. हल्ली पेपर तपासायचे ते संगणकाच्या पडद्यावर. लाल पेन गेले, पण डोळ्यांतली लाली मात्र वाढली. रात्री दोनला जाग यायची आणि उपमा व उत्प्रेक्षा यांतला फरक सांगणारी शेकडो उत्तरे अंधारात एकामागून एक सरकू लागायची. सकाळी जबडा इतका आवळलेला असे की पोळीचा घास चावताना दुखे. डॉक्टरांनी रक्त तपासले, छातीचा आलेख काढला आणि "काही नाही, ताण आहे" असे सांगून माझी बोळवण केली. ताण आहे हे मलाही ठाऊक होते. तो काढून ठेवायचा कुठे, एवढेच कुणी सांगत नव्हते.

"अहो ताई, स्वतःवर रेकी करा," वहिनी म्हणाल्या, "नुसते हात ठेवायचे. शक्ती आपोआप वाहते."

"वीजबिल वेगळं येतं का त्याचं?" वर्तमानपत्राआडून आमच्या ह्यांनी विचारले. वहिनींनी तिकडे दुर्लक्ष केले. शेजारधर्म पाळायचा तर इतके करावेच लागते.

मराठीच्या मास्तरणीला नवा शब्द भेटला की ती आधी त्याची व्युत्पत्ती शोधायला निघते. हात कपाळावर जाण्याआधी माझा हात कोशावर गेला. 'रेकी' हा जपानी शब्द दोन चित्राक्षरांचा. 'रे'च्या जुन्या अक्षरात वर पाऊस, मधे ओळीने तीन तोंडे आणि खाली देवऋषी. आपल्याकडे खेड्यात आभाळ कोरडे राहिले की धोंडी काढतात, ते चित्रच कुणी एका अक्षरात कोंबल्यासारखे! पुढे त्याचा अर्थ आत्मिक, अलौकिक असा झाला. 'की'च्या जुन्या अक्षरात वाफ आहे आणि वाफेखाली तांदूळ. हा 'की' म्हणजे आपल्या 'प्राणा'चा जवळचा नातलग. शिजत्या भाताच्या वाफेत ज्यांना प्राण दिसला त्या लोकांविषयी कोकणातल्या माहेरवाशिणीला एकदम आपुलकी वाटली, तर नवल नाही.

त्याच शोधात आणखी एक शब्द हाती लागला. 'तेआते'. जपानीत औषधोपचाराला, प्रथमोपचाराला हा शब्द वापरतात आणि त्याचा शब्दशः अर्थ आहे 'हात लावणे'. आपण नाही का म्हणत, "त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे"? औषध तेच, दुकान तेच, पण अमक्याचा हातगुण! दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट आपापल्या परीने नोंदवून ठेवलेली आहे.

ही पद्धत काढली मिकाओ उसुई या गृहस्थाने. जन्म १८६५ चा, जपानच्या गिफू प्रांतातल्या तानियाई गावचा. बरेच उद्योग करून पाहिले, यश कशातच फारसे नाही. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस क्योतोच्या उत्तरेला असलेल्या कुरामा डोंगरावर जाऊन एकवीस दिवस उपास धरून बसला. शेवटी मस्तकावर काहीतरी तेजस्वी उतरल्याचा अनुभव आला, असे त्याचे शिष्य सांगतात. १९२२ च्या एप्रिलात त्याने तोक्योत आपली संस्था काढली. त्या काळी जपानात हस्तस्पर्शाने आणि मनःशक्तीने बरे करणारांचे पेवच फुटले होते. उसुई त्यांतलाच एक, आणि कदाचित तो विसरलाही गेला असता. पण पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ ला, दुपारच्या जेवणाच्या वेळी भूकंप झाला. चुली पेटलेल्या, घरे लाकडाची. तोक्यो आणि योकोहामा जळून गेली, लाखावर माणसे दगावली. त्या उद्ध्वस्त शहरात उसुई रोज बाहेर पडून जखमी आणि भेदरलेल्या माणसांवर हात ठेवीत फिरे, असे त्याच्या स्मारकशिलेवर कोरलेले आहे. १९२६ च्या मार्चमध्ये फुकुयामा गावी तो वारला. शिला उभारली १९२७ मध्ये, तोक्योच्या साइहोजी मंदिराच्या आवारात. ती आजही तिथे आहे.

पुढची कथा माझ्या विषयाच्या अधिक जवळची. उसुईचा एक शिष्य चुजिरो हायाशी. हा आरमारातला डॉक्टर. त्याच्या तोक्योतल्या दवाखान्यात १९३५ मध्ये हवायो ताकाता नावाची एक विधवा आली. जन्म हवाई बेटांवरचा, आईबाप उसाच्या मळ्यात राबायला गेलेले जपानी. स्वतः दुखण्याने पिचलेली. उपचार करणाऱ्याचे हात इतके गरम लागले की यात विजेचे काही यंत्र दडवलेले असणार, असे वाटून तिने त्याची बाहीच धरली आणि बॅटरी शोधली! ही गोष्ट ती स्वतः पुढे रंगवून सांगत असे. (हे ऐकल्यावर वीजबिलाचा प्रश्न विचारणाऱ्यांची मान ताठ झाली, हे ओघानेच आले.) बरी झाल्यावर तिने विद्या शिकून घेतली आणि हवाईला नेली. पण १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले. अमेरिकेच्या भूमीवर जपानी म्हणून जे जे होते ते संशयित ठरले. ताकाताबाई सांगत त्या गोष्टीतला उसुई क्योतोच्या एका ख्रिस्ती विद्यापीठाचा प्रमुख आहे, शिकागोला जाऊन पदवी घेऊन आलेला आहे. दोन्ही विद्यापीठांच्या दप्तरांत त्याचा पत्ता नाही. बाईंनी हे का केले असावे, याचा तर्क कुणीही करील. आपल्या संतचरित्रांत काय थोडी कलमे झाली आहेत? ऐकणारा बदलला की गोष्ट पोशाख बदलते, हे मी वर्गात वीस वर्षे शिकवते आहे. बाई १९८० मध्ये वारल्या, तेव्हा त्यांनी तयार केलेले बावीस गुरू मागे होते. गुरुपदाची दीक्षा दहा हजार डॉलरला पडे. आज जगभर, आपल्या पुण्यामुंबईसकट, जे वर्ग चालतात त्यांतल्या बहुतेकांची गुरुपरंपरा या एका बाईपाशी जाऊन पोचते.

एवढे वाचून झाल्यावर म्हटले, करून तरी पाहू. वहिनींच्या गुरूंकडची दीक्षा मी घेतली नाही. दीक्षेवाचून शक्ती वाहत नाही असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, न वाहिली तर न वाहो, मला नुसती झोप हवी आहे.

रीत अगदी साधी आहे. आडवे व्हावे किंवा पाठ टेकून बसावे. बोटे जुळवून तळवा किंचित खोलगट करावा, ओंजळीने पाणी प्यायला करतो तसा, पण सैल. मग दोन्ही हात डोळ्यांवर, त्यानंतर कानशिलांवर, मग डोक्याच्या मागे, गळ्यापाशी, छातीवर, पोटावर, ओटीपोटावर ठेवावेत. दर ठिकाणी तीन ते पाच मिनिटे. दाबायचे नाही, चोळायचे नाही, काही मिळवायचेही नाही. सगळे क्रमाने करायचे तर अर्धा तास जातो. अर्धा तास कुणाच्या घरी शिल्लक असतो? मी डोळे, छाती आणि पोट एवढ्यावरच भागवले.

उसुईने याच्या जोडीला पाच नेम सांगितले होते. रागवू नये, काळजी करू नये, कृतज्ञ असावे, आपले काम नेटाने करावे, माणसांशी मायेने वागावे. यात नवे काय, असे तुम्ही म्हणाल. नवे आहे ते आधीचे पालुपद, फक्त आजच्या दिवसापुरते. जन्मभर रागवू नये म्हटले की मी आरंभालाच हरते. पण आज, गुरुवारी, रात्री झोपेपर्यंत? मोलकरीण आलेली आहे, गॅस संपलेला नाही, तेव्हा जमेलसे वाटते.

पहिले चार-पाच दिवस हात नुसते अवघडले. सहाव्या दिवशी पोटावरचे तळवे गरम लागले. दहाव्या दिवशी डोळ्यांवर हात असतानाच झोप लागली आणि सकाळी उठले तेव्हा जबडा सैल होता. दोनची जाग एकदम गेली नाही, पण जाग आली तरी मी छातीवर हात ठेवून पडून राहू लागले आणि उत्प्रेक्षांची मिरवणूक लौकर ओसरू लागली. महिन्याभरात मी वहिनींची वाक्ये माझी म्हणून बोलायला लागले. सासूबाईंनी विचारले, "काय करत असतेस गं रोज?" मी त्यांनाही शिकवले आणि वर म्हणाले, "आई, शरीर स्वतःला बरं करतं. त्याला फक्त सवड द्यायची."

सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. रक्तदाबाची गोळी बारा वर्षे चाललेली. त्यांना हा प्रकार फारच मानवला. दुपारी पोटावर हात ठेवून पडायच्या, चेहरा प्रसन्न दिसायचा. गुडघेसुद्धा कमी दुखतात म्हणाल्या. मला कौतुक वाटत होते. त्यांचे आणि माझेही.

एका सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात भिंत धरून उभ्या राहिल्या. "डोळ्यांपुढे काळं येतंय गं." रिक्षा करून दवाखान्यात नेले तर रक्तदाब दोनशेवर. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या चालू आहेत ना? मी ठामपणे हो म्हटले. आई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "सतरा दिवस झाले, घेतल्या नाहीत. बरं वाटत होतं. तूच म्हणालीस ना, शरीर स्वतःला बरं करतं?"

दोन दिवस त्या दवाखान्यात होत्या. अर्धांगावर जायचे ते चक्करेवर निभावले, असे डॉक्टर म्हणाले. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. रक्तदाब चढलेला बहुधा माणसाला जाणवतच नाही. प्रसन्न वाटते आणि आत पारा चढत असतो. बरे वाटणे आणि बरे असणे या दोन क्रियापदांतला भेद मराठीच्या बाईने विसरावा!

वहिनींना कळले तेव्हा त्या कळवळल्या. "आमचे गुरुजी पहिल्याच दिवशी सांगतात, डॉक्टरांचं औषध बंद करायचं नाही म्हणून." त्यांचे खरे होते. गुरुजी सांगत होते, सांगितले नव्हते ते मी.

मग मी उलट बाजूचेही वाचले. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेसाठी एक प्रयोग केला होता. रेकीच्याच कुळातली, पण शरीराला हात न लावता वरून फिरवण्याची एक पद्धत तिकडच्या परिचारिकांत रुजली होती. पुठ्ठ्याच्या पडद्याला दोन भोके. उपचार करणाऱ्याने त्यांतून हात पलीकडे काढायचे. पलीकडे एमिली नाणे उडवून त्यांतल्या एका हातावर, थोडे अंतर ठेवून, आपला हात धरी आणि विचारी, सांगा, कुठल्या हातावर? शक्ती जाणवते म्हणणारी एकवीस माणसे, प्रयत्न २८०, बरोबर उत्तरे १२३. म्हणजे नुसते नाणे उडवून उत्तर दिले असते तरी याहून बरे जमते. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. आम्हीही घरी चपलांच्या खोक्याला भोके पाडली. वीसांत अकरा वेळा माझे बरोबर आले. गणितात नऊ मिळवणाऱ्या कन्येने आनंदाने जाहीर केले, "आई, तू काठावर पास!"

मग जबडा सैल झाला तो कशाने? हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात याचे उत्तर दिलेले आहे, आणि त्याला कुरामा डोंगर लागत नाही. स्वस्थ पडावे, डोळे मिटावेत, मन एखाद्या साध्या गोष्टीवर ठेवावे, भरकटले की मुकाट परत आणावे. श्वास लांबतो, नाडी मंदावते, स्नायू सुटतात. माझ्या बाबतीत ती साधी गोष्ट म्हणजे माझाच तळहात. तळवा गरम लागतो, कारण तळव्याची आणि पोटाची ऊब जायला वाट मिळत नाही. वहिनींना हे पटत नाही आणि मी पटवायला जात नाही. त्यांचा गुडघा आणि माझी झोप दोन्ही ठीक चाललेले आहे.

आमच्या घरी आता क्रम ठरलेला आहे. रात्री आठला आईंची गोळी माझ्यासमोर, त्यावर दोन घोट दूध, आणि मग हात. बाजारातून आणलेले रक्तदाबाचे यंत्र उशाशी असते. दर रविवारी आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात. लिहितात ते त्यांचे चिरंजीव.

मी स्वतःसाठी वेळ काढते तो बहुधा येताना गाडीत. परवा लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली. म्हणजे टेकायला वीतभर जागा. मांडीवर पिशवी, पिशवीवर कोपर, कपाळावर हात आणि डोळे मिटलेले. फक्त आजच्या दिवसापुरते, असे मनाशी म्हणते आहे तोच खांद्याला कुणीतरी हलवले. शेजारी उभी असलेली कॉलेजातली पोर होती.

"काकू, डोकं दुखतंय का हो खूप? बाम देऊ?"

घेतला. ठाण्यापर्यंत चोळत बसले.