मोतीला टोचलंय का?

पहिल्या शिफ्टची बस पकडायला पहाटे बाहेर पडणाऱ्या चाकण-भोसरीतल्या मैत्रिणींना विचारा, जास्त भीती कशाची? अंधाराची नाही, कोपऱ्यावरच्या कुत्र्यांची!

आणि चावलंच तर? कुणी जखमेवर हळद दाबतं, कुणी तिखट. (माझ्या आजीचा चुन्यावर फार भरवसा!) पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धसक्याने दवाखाना टाळणाऱ्याही आहेत. अहो, ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालीच बंद झाली. आता सुया दंडात आणि मोजक्याच. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं. मांजराच्या ओरखड्यालाही हाच नियम. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य.

म्हणून आधी कुत्र्यालाच टोचायचं. शेजारच्या गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ संस्थेने गावोगाव तेच केलं. हाती न लागणारी कुत्री जाळीत धरली, टोचली, रंगाची खूण करून तिथेच सोडली. शाळांतून मुलांनाही शिकवलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. मारून टाकली, तर त्या जागी बिनलसीची नवी येतात.

प्रत्येक गल्लीत मोतीला शिळी पोळी घालणाऱ्या एक काकू असतातच. लस टोचणारे आले, की मोतीला धरायला त्यांनाच बोलवा. दुसऱ्या कुणाच्या हाती तो लागायचा नाही.