गंधाराचे शिक्षण

हिंदुस्थानी गायन हा मुख्य विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस तंबोरा जुळवण्यापासून सुरू होतो. चार तारांपैकी पहिली पंचमात, मधल्या दोन, ज्यांना जोड म्हणतात, त्या षड्जात आणि शेवटची खर्जात, म्हणजे मंद्र षड्जात लावायची. आधी खुंटी पिळून स्वर जवळ आणायचा, मग मणी सरकवून तो नेमका करायचा आणि शेवटी घोडीवर तारेखाली असलेला सुती दोरा केसभर मागेपुढे करत जवारी, म्हणजे तारेचा भरदार गुंजारव, मोकळी करायची. तंबोरा खरोखर लागला की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर आहे हे शास्त्राच्या तासाला लगेच समजते, पण तो कानाला गवसायला काहींना पहिले वर्षही पुरत नाही.

घराण्याच्या बैठकीतली ही विद्या वर्गात आणण्याचे मोठे श्रेय लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर आणि बंदिशी स्वरलिपीत छापणारे विष्णु नारायण भातखंडे यांचे आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र तर ‘गुरुकुल’ हा शब्द नावातच बाळगते.

भातखंड्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात. दरबारी कानडा आणि अडाणा हे दोन्ही आसावरी थाटाचे राग असल्याने दोघांचा गंधार कागदावर एकाच खुणेचा दिसतो. प्रत्यक्षात दरबारीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला आणि आंदोलित, म्हणजे संथ झोके घेणारा असतो, तर अडाण्याची धाव तार षड्जाकडे असल्याने तिथे त्या झोक्याला अवसर नसतो. गुरू ‘ग म रे सा’ ही संगती गातात आणि विद्यार्थी एकेकाने ती परत म्हणतात. कोणाचा झोका घाईने गमकेसारखा होतो, कोणी गंधारावर नुसताच थांबतो, आणि गुरू काही न समजावता तीच संगती पुन्हा गातात.

सहामाही सत्राला हा धीर परवडत नाही. रागांची संख्या कमी करून एकेका रागाला अधिक तास दिले, तर ही ओढाताण बरीच सैल होईल. लेखी परीक्षेत ‘आंदोलित’ एवढे लिहिले तरी गुण मिळतात. प्रात्यक्षिकाला परीक्षक डोळे मिटून त्या एका स्वराची वाट पाहतात, आणि त्याआधी तंबोरा कसा लावला गेला तेही त्यांनी ऐकलेले असते.